हुंकारी

रविवार, बारा जानेवारी. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अरविंद गुरुजी कड्याच्या वळणामागे गेले. त्यानंतर त्यांना कोणी पाहिलेलं नाही.

त्यांची मुलगी मृणाल पन्नास पावलांवर, केळीच्या बागेच्या बांधावर उभी होती. निवृत्तीनंतर गुरुजी बऱ्हाणपूरच्या आसपासच्या बोलीतले शब्द जमवत. नेपानगरच्या बाजूच्या या गावात सरळ तुटलेल्या कड्याला 'हुंकारी' म्हणतात, हे त्यांना कळलं होतं. का म्हणतात, ते हवं होतं.

"हं म्हणते म्हणून," बागेचा मालक भिकन म्हणाला.

"म्हणजे प्रतिध्वनी."

"ते तुमी पाहा, गुरुजी. इथं नाव घेऊन हाक मारत नाहीत. कोणाले बोलवायचं तर दगडावर दगड ठोकतो आमी."

"भिकनभाऊ, पस्तीस वर्षं नावं पुकारून हजेरी घेतली. आता दगड ठोकू?" गुरुजी हसले आणि वही घेऊन निघाले.

साडेचारला मृणालने हाक मारली. "बाबा!"

"हं."

पेपर वाचताना बाबा देत, तसाच हुंकार. भिकनने दगड उचलला होता. तिने त्याला थांबवलं. "आहेत की. बोलले ना आत्ता!"

पाचला पुन्हा हाक, पुन्हा हं. ती निवांत बसून राहिली.

ऊन उतरल्यावर ती वळणामागे गेली. पुढे वाट नव्हती. तिन्ही बाजूंना उभा कातळ. खाली वही. शेवटची नोंद: 'हुंकारी. मूळ: हुंकार. गोष्ट ऐकणारा देतो तो. पण इथे सांगणारा'

वाक्य तिथेच तुटलं होतं.

पोलिसांना जबाब देताना मृणाल मध्येच थांबली. प्रतिध्वनी असता, तर 'बाबा' ऐकू आलं असतं.

अकरा दिवसांनी शोध थांबला. मृणालची आई थांबली नाही. त्या, अलकाताई, बऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्यातल्या घरून दर रविवारी येत, कड्यासमोर बसत.

"अहो, गॅस संपला."

"हं."

"अहो, मृणालची बदली टळली."

"हं."

"ताई, मावशीले नका आणू," भिकन मृणालला म्हणाला. "दर खेपेला थोड्या पुढं सरकून बसतात."

मागच्या रविवारी आईला ताप होता. मृणाल तिला घरी झोपवून एकटीच आली.

"बाबा, आई आज येणार नाही."

"हं."

मग, जरा अंतराने, बाईच्या आवाजात:

"हं."

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली.

चार वाजून पन्नास मिनिटांपर्यंत घरचा फोन कोणी उचललेला नव्हता.