जीपच्या पोटातली खरखर

"इंजिन उतारनं पडी. चार दिवस तरी लागतीन," पंडितमिस्त्रीने निकाल दिला आणि बॉनेट दाणकन आपटलं. पुष्पा बोटांवर दिवस मोजू लागली.

चार दिवस कुठून आणायचे? आखाजी, म्हणजे लेकींना माहेरी आणायची अक्षय्य तृतीया, उद्यावर आली होती. जामनेरहून मोठ्या बहिणीला, मंदाअक्काला, माहेरी नरडाण्याला आणायचं होतं, आणि तिच्या सासरचा निरोप रोखठोक होता: सहा महिन्यांच्या बाळाला या उन्हात एसटीने पाठवणार नाही, गाडी आली तरच. आणि तिच्या वडिलांची, नानांची जीप नेमकी आज सकाळपासून पिठाच्या गिरणीसारखी खरखरत होती.

मिस्त्री चहाला गेला. पुष्पा, तिचा चुलतभाऊ कौतिक आणि शेजारची साबेरा, तिघांनी बॉनेट पुन्हा उघडलं. कौतिक म्हणाला, आवाज चाकातून येतो. पण जीप तर उभ्या उभ्याच खरखरत होती! साबेराचे अब्बा विहिरीवरच्या इंजिनाची नाडी लांब स्क्रू-ड्रायव्हरने बघत. टोक लोखंडाला, मूठ कानाला. पुष्पाने तसंच करून पाहिलं, तर जिथे टोक लावावं तिथे खरखर. तिचं डोकं पार चक्रावलं.

"हा एकच पट्टा पंखाही फिरवतो आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटरही," साबेरा विचार करत म्हणाली. "पट्टा काढून बघू. तरीही आवाज आला, तर दुखणं इंजिनाचं."

गाडी बंद करवून कौतिकने पान्याने नट ढिला केला आणि पट्टा उतरवला. मग पुष्पा गोड आवाजात नानांना म्हणाली, "नाना, एकदाच किल्ली फिरवा ना." नानांनी कुरकुरत फिरवली.

खरखर गायब! नाना आ वासून बघत राहिले. "बरी व्हयनी का काय?"

पंख्याविना इंजिन तापेल म्हणून पुष्पाने घाईने गाडी बंद करायला लावली. पंखा हाताने फिरवला, तो अलगद फिरला. अल्टरनेटरची पुली फिरवली, तर खर्र खर्र! वर बोटाला तांबूस पाणी लागलं.

ते पाणी बघून तिचा चेहराच उतरला. अक्काच्या सासरी गाडी चमकली पाहिजे, म्हणून काल नानांनी इंजिनासकट जीप धुवायला लावली होती, आणि पाण्याच्या मोटारीचा जाड पाईप पुष्पाच्याच हातात होता. गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. पण मग अक्का तिकडेच राहिली असती. मिस्त्री परतताच तिने सगळं सांगून टाकलं. तिला रडूच आलं.

मिस्त्रीने पुली स्वतः फिरवून पाहिली आणि कान खाजवला. "बेअरिंग गयं. पानीनी ग्रीस धुई टाकं. इंजिनले हात लावानं काम नही." तो अल्टरनेटर घेऊन धुळ्याच्या एसटीत बसला आणि तीनच्या आत नवं बेअरिंग बसवून परतला.

नानांनी पुष्पाच्या डोक्यावर हात ठेवला. "पाईप तुना हातमा व्हता, पन गाडी धुवाना हुकूम मनाच व्हता."

दिवेलागणीला जीप जामनेरला पोहोचली, तेव्हा मंदाअक्का बाळाला कडेवर घेऊन दारातच उभी होती. "किती उशीर! मी कवयनी गाडीना आवाजले कान लाई बठेल व्हतू."

"कान ते आमनी पुष्पीनी लावात," नाना म्हणाले, "म्हनीसन गाडी तुना दारशी उनी."