कोळशाची चरचर

ती गेल्याचा निरोप आला त्या दिवशी मी ड्रिलचं घासलेलं तोंड बदलत होतो. हातातलं काम पुरं केलं आणि मगच खाली बसलो.

कोळसा शोधणाऱ्या आमच्या तुकडीत मशीन मी चालवायचो, खडकाचे नमुने ती, माझी बायको, घ्यायची. डोंगरापलीकडच्या दरीत तिने सुरू केलेलं एक भोक वालुकाश्मात अडलं होतं. खाली कोळसा आहे, असं ती म्हणायची. साहेब नाही म्हणायचे. पावसाळ्यानंतर ती जागा कायमची सोडून देणार होते. त्याआधी तिथला नमुना काढायला आम्ही तिघं निघालो: मी, तिचा धाकटा भाऊ आणि आचारीमामा.

मशीनचे सुटे भाग खांद्यावर होते. धुकं इतकं दाट की पुढे चालणारा मेहुणा मधेच नाहीसा व्हायचा, त्याचं खोकणं तेवढं उरायचं. ओढा ओलांडताना भोकात पाणी सोडायचा पंप घसरला. मामांनी तो पोटावर झेलला आणि आपलं पोट एकदाचं कामाला आलं, असं वर ऐकवलं.

दगड संपेना. दिवस मशीनच्या घरघरीत वाहून गेले. आपण झोपेतच उभे आहोत, असं मला वाटायचं. मग एका दुपारी हातातल्या दांड्याची थरथर एकदम मऊ झाली. वर येणारं पाणी काळं झालं! मी जोर कमी केला. दाबलं तर कोळशाचा चुरा होतो. कोळशातला वायू पेट घेईल म्हणून चूल विझवायला सांगितली. जेवण अर्धकच्चं राहिल्याबद्दल मामांनी आमचा उद्धार केला.

तेवढ्यात वरच्या अंगाला पाऊस कोसळला. ओढा फुगला. आम्ही भोकातल्या नळ्या वर ओढायला लागलो. एक. दुसरी. तिसरी! शेवटच्या नळीतून हातभर कोळसा अखंड बाहेर सरकला. तो चरचरत होता. आत कोंडलेला वायू सुटताना असाच आवाज येतो. ती दर वेळी क्षणभर त्याला कान लावायची आणि लगेच तो हवाबंद डब्यात घालून झाकण घट्ट करायची. एकदा सुटलेला वायू मोजता येत नाही, आणि त्याशिवाय नमुन्याला किंमत नाही.

मी कान लावला. ऐकतच राहिलो. पाणी बुटांपर्यंत आलं.

"दाजी," मेहुणा हळू म्हणाला, "ताई असती तर ओरडली असती. झाकण लावा."

मी झाकण लावलं.

मशीन तिथेच टाकून आम्ही चढ चढलो. आता डबा प्रयोगशाळेत आहे, अजून थोडाथोडा वायू सोडतोय. साहेबांनी नकाशावर तिथे कोळशाची काळी रेघ ओढली आहे.

पाणी ओसरलं की मशीन आणायचं आहे. भोक सिमेंटने बुजवायचं राहिलं आहे.