शिवलेला अर्ज

कर्र... असा आवाज झाला आणि टेलरमास्तरांच्या काळजाचं पाणी पाणी झालं! गेली तीस वर्षं त्या दुकानात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, कापडाच्या कात्रीने कापडाखेरीज कुणी काही कापलं नव्हतं. आणि आज त्यांच्या धाकट्या मुलीने तीच कात्री कागदावर चालवली होती.

"अगं, धार जाईल तिची!" मास्तर ओरडले.

कापला गेलेला कागद हा धाकटीच्याच सॉफ्टवेअरच्या शिक्षणासाठीचा कर्जाचा अर्ज आहे, त्यावर परगावच्या कॉलेजचा शिक्का आहे, तो आज चारच्या आत बँकेत पोचला नाही तर प्रवेश रद्द आहे आणि घड्याळात अडीच वाजलेत, हे सगळं त्यांच्या ध्यानात यायला आणखी अर्धं मिनिट गेलं. मग ते स्टुलावर बसले.

थोरली मुलगी, ताई, कापणीच्या टेबलाशी उभीच राहिली. ज्या अर्जासाठी तिने आपलं एकुलतं एक स्वप्न मुकाट्याने गिळलं होतं, त्याचे दोन तुकडे तिच्या पायाशी पडले होते... आणि कापलं होतं मात्र अगदी सरळ! घराण्याचा हात, दुसरं काय.

"आणि हे काय आहे?" धाकटीने एक गुलाबी पावती टेबलावर आपटली. "भरतकामाच्या मशीनची नोंदणी रद्द! तू तर म्हणालीस, मशीन यायला उशीर आहे."

"उशीरच आहे," ताई म्हणाली. "चार-सहा वर्षांचा."

कुणालाही न सांगता त्याग करण्याची ताईला जुनी सवय होती. पावत्या नीट लपवायची कला तेवढी तिला साधली नव्हती. त्या मशीनसाठी दहा वर्षं टाक्याटाक्याने तिने चार लाख साठवले होते. शिक्षणाचा खर्च निघाला बारा लाख, बँक देणार आठ. उरलेले चार कुठून येणार, हे घरात कुणी विचारलंच नाही आणि ताईनेही सांगितलं नाही.

"मी हिशेब केलाय, ताई!" धाकटी बोटांवर मोजायला लागली. "बँकेचे आठ, तुझे चार. दहा वर्षं फेडायचे तर महिन्याला हप्ता सोळा हजार. पदवीनंतर पगार वीस. हातात किती? चार! तेवढे तर मी आजही काज-बटण करून मिळवते. चार वर्षं शिकून मी इथेच परत येणार, आणि तेही तुझं मशीन खाऊन!"

"तरी मी म्हणत होते..." आतून आईचा आवाज आला.

"आई, तू काहीच म्हणत नव्हतीस."

"मनात म्हणत होते."

"मला ते हवं होतं गं..." ताई एकदम म्हणाली, आणि इतक्या वर्षांचा बांध फुटला. "रोज दुपारी त्या मशीनच्या दुकानासमोरून जाताना मी काचेतून बघायचे. पण तू शिकावंस, हे मला त्याहून जास्त हवं होतं! आणि तू... तू त्याला कात्री लावलीस!"

मास्तरांनी मान खाली घातली. दहा वर्षं लेक शेजारच्या मशीनवर बसत होती आणि तिला काय हवं आहे, याचं माप त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं.

डोळे पुसायला ताईने टेबलावरचा खाकी कागद ओढला. त्याच्यावरच सगळ्यांनी मिळून खर्च मांडला होता. नाकापर्यंत नेलेला कागद तिने पुन्हा खाली धरला.

"बाबा, यात कॉलेजने सांगितलेले एकूण सात लाख दिसतायत. आठ कुणी केले?"

"मी. थोडं जास्त धरलेलं बरं."

"मी दहा केले," आई दारात आली. "जिन्नस महाग होतायत."

"आणि मी बारा..." ताई पुटपुटली. "पगार?"

"पलीकडची इंजिनीअर पोरगी तीस म्हणाली होती. मी सत्तावीस लिहिले," मास्तर म्हणाले.

"मी तेवीस," आई म्हणाली. "नजर लागायला नको."

"आणि मी वीस!"

सगळ्यांना एका गिऱ्हाइकाचा तो जुना कोट आठवला. कापड बेतताना आत थोडी माया सोडायची असते, पुढे कपडा सैल करता यावा म्हणून. पण एकाने आणि एकदाच. त्या कोटाला तिघांनी आपापली सोडली होती, आणि त्यात गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाचा मेहुणा असे दोघे मावले होते!

आधी धाकटी हसली, मग हसता हसता ताईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.

"एकदाच सोडायची," ताईने खडू उचलला. "खर्च आठ, पगार सत्तावीस. हप्ता साडेदहा, हातात साडेसोळा. बँकेचे आठ पुरतात."

"आणि नोकरी उशिरा लागली तर?" धाकटीने विचारलं.

"तर काज-बटण आहेच."

"ताई, मशीन?"

मास्तरांनी गुलाबी पावती उचलून शर्टाच्या खिशात घातली. "बँकेतून परत येताना त्या दुकानात मी बोलतो," ते म्हणाले आणि अर्जाचे तुकडे जुळवून त्यांनी मशीनवर टीप मारायला घेतली.

चारला दहा मिनिटं कमी असताना बँकेतल्या बाईंनी तो अर्ज उलटा-सुलटा करून पाहिला.

"हे टिकेल का?"

"दुहेरी टीप आहे, बाई. कर्ज फिटेपर्यंत उसवणार नाही."

"जामीन कोण?"

जामीन ताईच राहणार होती, कारण सही म्हटलं की मास्तर पाणी प्यायला उठत. तिने पेनकडे हात नेला. पण त्याआधीच मास्तरांनी ते उचललं होतं. आज ते पाणी प्यायला उठले नाहीत.

सही वाकडी आली. जन्मभर सरळ रेघा मारणाऱ्या हाताची ती पहिली वाकडी रेघ... वाकडी टीप दिसली की उसवल्याशिवाय राहवत नसे त्या ताईने ती डोळे भरून पाहिली, आणि अर्ज बाईंकडे सरकवला.