फ्रेमबाहेरची वच्छला

राजापेठेत आमचा स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर होता. खाली चपलांचं दुकान, मधल्या दोन मजल्यांवर शिकवणी वर्ग आणि वर आम्ही. अमरावतीच्या केबलवर दिसणारं लहानसं चॅनल. रोज दोन बातमीपत्रं, दुपारी शेतीचा कार्यक्रम, सणासुदीला भजनं. मी तिथं अकरा वर्षं व्हिडिओ एडिटर होते. २०१८ साली चॅनल बंद पडलं. मी अकोल्याला, आईवडिलांच्या मागं रिकाम्या पडलेल्या घरी परत गेले. तिथं लग्नांच्या शूटिंगचं एडिटिंग करते. एकटीच असते. कधी कधी दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघत नाही, आणि ते मला तिसऱ्या दिवशी कळतं.

यंदा एप्रिलमध्ये चॅनलचे मालक किसनराव यांचा फोन आला. जागा आता दुसऱ्या कुणाकडे जाणार होती. त्याआधी जुन्या माणसांच्या आठवणी त्याच खोलीत रेकॉर्ड कराव्यात, आपल्या आपल्यात बघायला एक छोटी फिल्म करावी, असं त्यांच्या मनात होतं. हे काम दामिनीशिवाय कोण करणार, असं ते म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. सात वर्षांत मला कुणी कुठं बोलावलं नव्हतं.

खोली तशीच होती. भिंतींना आवाज शोषून घेणारे जाड गालिचे ठोकलेले. दार लावलं की रस्त्यावरचे हॉर्न, शिकवणीच्या पोरांचा गलका सगळं एकदम तुटायचं आणि स्वतःचा श्वास ऐकू यायचा. नवीन माणसं त्या शांततेत बावरायची. मला ती आवडायची.

पहिले आले नत्थुजी. आमचे शिपाई, आता सत्तरीचे. सकाळी कुलूप उघडणं, झाडणं, दिवसातून चारदा चहा, हे त्यांचं काम. त्यांना खुर्चीत बसवलं, कॉलरला माइक लावला. ते मोकळेपणी बोलले. एकदा बातमीपत्र चालू असताना कबूतर आत शिरलं होतं, ते सांगून हसले. मग म्हणाले, "सगळ्यायले चहा बाहेरच्या टेबलावर. फक्त दामिनीबाईले अन् वच्छलाबाईले आत, एडिटिंगच्या खोलीत नेऊन द्याचा."

मी कॅमेरा थांबवला नाही. म्हातारपणी नावांची सरमिसळ होते. रेकॉर्डिंग संपल्यावर विचारलं, कोण वच्छलाबाई?

नत्थुजींनी कॉलरचा माइक काढून माझ्या हातात दिला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "जुनी गोष्ट हाय, बाई. जे झालं असन ते मिटवून टाका."

ते गेल्यावर मला आठवलं. नत्थुजी माझ्याकडे नेहमी दोन कप ठेवायचे. मला चहा जास्त लागतो म्हणून ठेवतात, अशी माझी समजूत होती. मी दोन्ही कप पीत असे. निदान मला तसं आठवत होतं.

दुपारी रागिणी आली. आमची बातम्या वाचणारी, आता धामणगाव रेल्वे या गावी शाळेत शिकवते. अजूनही तशीच नीटनेटकी. तिनं एक आठवण सांगितली. ज्या सकाळी तिचे वडील गेले, त्याच सकाळचं बातमीपत्र तिला वाचावं लागलं होतं. दुसरं कुणी नव्हतंच. "पंधरा मिनिटं वच्छलाताई टेबलाखाली बसून होती," रागिणी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "माझा डावा हात तिनं सोडला नाही. तो हात नसता तर मी वाचूच शकले नसते."

ती सकाळ मला स्वच्छ आठवते. मी मॉनिटरसमोर होते. रागिणीनं सगळी पानं एकाच हातानं, उजव्या हातानं, उलटली होती. दिसायला ते वाईट दिसत होतं. तिच्या वडिलांचं तोपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी तिला त्यावरून बोलले होते.

माइक काढताना मी तिला तेच विचारलं. वच्छला कोण? रागिणीनं माझा हात हातात घेतला. तुम्हा दोघींचं काहीतरी बिनसलं हे आम्हाला शेवटी शेवटी कळलं होतं, असं ती म्हणाली. पण तिचं नावही घ्यायचं नाही इतकं काय झालं, हे तिनं विचारलं नाही. मला घरी जेवायला बोलवून ती गेली.

मी किसनरावांना फोन लावला. आपल्याकडे वच्छला नावाचं कुणी कामाला होतं का? ते हसले. कामाला नव्हती, म्हणाले. तुमच्यासोबत यायची, तुमच्यासोबत जायची. तुमचीच कुणी नातलग असेल म्हणून मी कधी विचारलं नाही.

माझी वच्छला नावाची कुणी नातलग नाही. मैत्रीणही नाही. अकरा वर्षं मी एकटी यायचे, कोपऱ्यात पाठ करून एकटीच डबा खायचे आणि एकटीच भाड्याच्या खोलीवर जायचे. तीन माणसांनी खोटं बोलायचं ठरवावं, इतकी मी कुणाच्या लेखी मोठी नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकराला भगवंतभाऊ आले. आमचे कॅमेरामन. आता तेल्हाऱ्याला शेती करतात, फुलं लावतात. येताना त्यांनी निशिगंधाच्या दोन जुड्या आणल्या होत्या. दोन्ही माझ्याच हातात दिल्या.

त्यांनी कॅमेऱ्यासमोर वच्छलाचं नाव घेतलं नाही. मला वाटलं, सुटले. पण मी माइक काढायला गेले तेव्हा त्यांनीच विचारलं, "कुठी असते आता वच्छला? तुह्यासोबतच हाय ना?"

मी म्हटलं, "भाऊ, मी तिले ओळखत नाई. खरं सांगून राहिली."

त्यांना राग आला नाही. वाईट वाटलं. मी त्यांना ती दिसायला कशी होती ते विचारलं. माणसांचे चेहरे टिपण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, ते भगवंतभाऊ विचार करत राहिले. उंची सांगितली, माझ्याहून जराशी कमी. चालणं सांगितलं. चेहऱ्यापाशी थांबले. "ते कॅमेऱ्यापुढं कधी आलीच नाई," शेवटी म्हणाले. "फ्रेम लावली का बाजूले सरके. तूच तिले सरकवत होती."

ते गेले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. निशिगंधाचा वास बंद खोलीत दाटला होता. आता फक्त माझी आठवण राहिली होती. एकटीनंच रेकॉर्ड करायचं म्हणून कॅमेरा चेहऱ्यावर आपोआप फोकस धरेल असा लावला. खुर्चीत बसले. नाव, काम, वर्षं सांगितली. मग सरळ सांगितलं की वच्छला नावाची बाई मला आठवत नाही, आणि तिचं मन माझ्याकडून दुखावलं असेल तर तिनं माफ करावं. शेवटचं वाक्य का बोलले, ठाऊक नाही. 'झालं' म्हटलं, उठले, कॅमेरा बंद केला. दोन मिनिटांचं काम.

फाइल अकोल्याला येऊन, दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली.

ती एकोणीस मिनिटांची होती.

पहिली दोन मिनिटं मला आठवतात तशीच आहेत. मी 'झालं' म्हणते. खुर्चीच्या हातांवर भार देते. पण उठत नाही. मान डावीकडे वळवते आणि ऐकू लागते.

हेडफोनमध्ये काहीच नाही. फक्त माझा श्वास.

मग मी बोलते. माझाच आवाज, पण त्यात एक मऊपणा आहे, जो मी कित्येक वर्षांत ऐकलेला नाही. मी सांगते की रोजच्या डब्यात मी दोघींची भाजी आणायचे. तिला तिखट चालत नसे म्हणून घरी कमी तिखट करायचे. वडील गेल्यावर तेरा दिवस ती माझ्या उशाशी बसून होती. मी हसते. ऐकते. पुन्हा हसते.

मी घरात पडद्यासमोर बसून हे बघत होते आणि यातलं मला काही आठवत नव्हतं. तरीही मला तिचा हेवा वाटला, पडद्यावरच्या त्या बाईचा.

चौदाव्या मिनिटाला माझा चेहरा उतरतो.

"शेवटच्या दिवशी मीच म्हटलं," मी सांगते. "तू इथंच थांब, मी येतेच. अन् जिना उतरून गेले. दार ओढून घेतलं."

मग पुन्हा मान डावीकडे वळवून ऐकते.

"सात वर्षं?" मी विचारते.

मी मान हलवते. डोळे पुसते. "नाई, आता नाई जात," म्हणते.

मग खुर्ची उजवीकडे सरकवते. चांगली दोन हात. फ्रेमचा डावा भाग रिकामा होतो. मी तिकडे बघत गप्प बसून राहते, शेवटपर्यंत.

सतराव्या मिनिटाला फोकस हलतो.

मी धूसर होते. मला वाटलं, आता मागची भिंत स्पष्ट होईल. रिकाम्या फ्रेममध्ये तसंच होतं. पण गालिच्याची वीण दिसत नाही. भिंतही धूसरच राहते.

फोकस एकदा पुढं, एकदा मागं जातो. मग फ्रेमच्या डाव्या भागात, माझ्यापेक्षा थोड्या पुढं, जमिनीपासून बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर येऊन थांबतो.

तो पुढची दोन मिनिटं तिथून हलत नाही. फक्त मधूनमधून अगदी किंचित सरकतो, समोरचं माणूस बोलताना मान हलवतं तेव्हा सरकतो तसा.