दिवाणसाहेबांच्या पत्राची पोच

निवृत्त कारकुनापुढे दोन मार्ग असतात, देवळाचा कट्टा किंवा रक्तदाब. मी तिसरा काढला. थोरांची चरित्रे जमवायची. साधी नव्हेत. एकेकाळी हौशी मंडळी कातडी बांधणीच्या चरित्रात त्या थोर पुरुषाच्या हातचे खरे पत्र पानांबरोबर शिवून घेत. अशी एकोणीस पुस्तके माझ्या अमरावतीच्या घरात आहेत.

"बाबा, जिंदगीभर दुसऱ्याईची पत्रं वाचली, अजून पोट नाही भरलं तुमचं?" मुलगी भावना म्हणते. ती स्वतः तहसिलीत आवक टेबलावर बसते, हे सोयीस्कर विसरून.

विसावे पुस्तक अकोटला, एका वकिलाच्या बंद पडलेल्या घरातून मिळाले. कुठल्याशा संस्थानच्या दिवाणाचे चरित्र. तांबडे कातडे, कडांना सोनेरी मुलामा. मधली दोन पाने मात्र खळीने चिकटवलेली. चहाच्या वाफेवर मी ती सोडवली. आत पत्र होते, एका ओळीचे, समास कुणीतरी खरडलेला.

'ठरलेला माणूस अद्याप पोचला नाही. वाट पाहत आहे.'

मायना नाही, तारीख नाही. कार्यालयात असे पत्र मी परत पाठवले असते. पण हाताला बत्तीस वर्षांची सवय. वाचून होताच पेन्सिलीने समासात सहीही करून गेलो, 'पाहिले. मो.' अस्सल पत्र खराब केले म्हणून दोन दिवस जेवण गोड लागले नाही.

तिसऱ्या दिवशी त्याखाली शाईची नवी ओळ होती. अक्षर तेच.

'सही पोचली. माणूस केव्हा निघतो?'

पुठ्ठ्याच्या आत बांधणाऱ्याचा शिक्का होता, 'वली, अकोला'. मी एसटी पकडली. वली जाऊन चाळीस वर्षे झाली होती. त्यांची सून खुर्शीदबी अजून बांधणी करते. तिने पुस्तक उघडले आणि हातातली सुई खाली ठेवली.

"बाबूजी, हे पान सासऱ्यानं चिकटवलं होतं. काहून उघडलं?"

"कुतूहल..."

"सही तं नाही केली ना?"

मी चष्मा पुसू लागलो.

"तुमच्या आधी दोघायनं केलती. वकीलसायबानं, मंग त्याच्या भावानं. सासऱ्यानं पात्यानं खरडून काढल्या त्या सह्या. पण तवा लय उशीर झाला होता."

"मेले?"

"मेले असते तं बरं होतं. घरातच होते. जेवत होते, हासत होते. पण त्याईची माय म्हणे... हे माहे लेकरं नाहीत."

तिने पान पुन्हा चिकटवले, वरून दोरा शिवला. मी निघालो तेव्हा तिने मान वर केली नाही.

आज रविवार. जेवून पडलो होतो. जाग आली ती कूलर थांबल्याने. वीज गेली होती. वाळ्याच्या ओल्या वासात आणखी एक वास मिसळला होता, जुन्या खळीचा. भावना पाणी घेऊन आली.

"बाबा, तुमच्या लाल पुस्तकाचा दोरा तुटून पान सुटलं होतं. पत्र पायलं मी. भारी आहे."

"हात... हात लावलास?"

"हात कायले, सहीच ठोकली. तुमचीच लेक आहो ना मी!" हसत ती स्वयंपाकघरात गेली.

मी टेबलाकडे धावलो. माझ्या सहीखालच्या ओळीखाली शाईची आणखी एक ओळ आली होती. 'आपले वय अधिक आहे. तरुण माणूस पाठवावा.'

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला सुटल्यासारखे वाटले. मग खालची पेन्सिल दिसली. 'पाहिले. भा.'

रबर घेतले. घासले. कागदाचा भुगा निघेपर्यंत घासले. अक्षर हलले नाही. आणि माझ्या बोटांशेजारी, हळूहळू, कागदातून शाई वर आली.

'माणूस पोचला. आभारी आहे.'

स्वयंपाकघरात काहीतरी पडले. मग शांतता. मग गॅस पेटल्याचा आवाज.

"बाबा... चहा ठेवू?"

आवाज भावनाचा. अगदी तिचाच. तिने पुन्हा विचारले. पुन्हा...

आता ती दारात येऊन उभी आहे. हातात कप आहे. हसते आहे, नेहमीसारखी. फक्त तिची बोटे काळ्या शाईने ओली आहेत.

सही तिने पेन्सिलीने केली होती.