उजव्या मागच्या चाकाची तक्रार

पहिल्या भेटीतच माणूस आवडला, असं सांगणाऱ्या मुलींचं मला नवल वाटतं. मला तो पहिल्या भेटीत अजिबात आवडला नव्हता. तो माझ्या गाडीच्या चाकाशी उकिडवा बसून हसत होता आणि मी रागाने धुमसत होते.

थंडीची सकाळ होती, वर झिमझिम पाऊस. एका आजींच्या गुडघ्याचा व्यायाम घ्यायला निघाले होते आणि वाटेत स्टिअरिंगपुढच्या काट्यांमध्ये तो पिवळा दिवा पुन्हा लागला. अर्ध्या टायरचं चित्र, आत उद्गारचिन्ह. समोर जे पहिलं टायरचं दुकान दिसलं तिथे गाडी घातली.

"हवा कमी झालीय," मी म्हणाले. "कुठल्या चाकात ते दिवा सांगत नाही. ओरडायचं तेवढं ओरडतो, पुढचं आपण शोधायचं."

दुकानात तो एकटाच होता. त्याने चारही चाकांना गेज लावून पाहिलं. मध्ये पावसाची सर आली तेव्हा छत्री उघडली. मला वाटलं माझ्यासाठी. त्याने ती चाकावर धरली.

"हवा सगळीकडे बरोबर आहे," तो म्हणाला. "दिवा आधी लुकलुकला आणि मग स्थिर झाला का?"

"मी गाडी चालवते. दिव्याला टक लावून बसत नाही."

तेव्हा तो हसला. "लुकलुकला असेल तर हवेचा प्रश्न नाही. चाकाच्या आत हवा मोजणारा सेन्सर असतो, तो गेलाय. त्याची बॅटरी संपते."

"मग बॅटरी बदला."

"बदलता येत नाही. सीलबंद असते. टायर उतरवून अख्खा सेन्सरच नवा टाकायचा."

आता मला सांगा, आजींच्या कानातल्या यंत्राचा सेल बदलता येतो, भिंतीवरच्या घड्याळाचा येतो, आणि एवढ्या मोठ्या गाडीतल्या चिमुकल्या डबीचा येत नाही? कुठल्या शहाण्याने हे ठरवलं? मी हे सगळं त्याला मोठ्या आवाजात ऐकवलं. तो शांतपणे ऐकत राहिला, जणू मी हवामानाचा अंदाज सांगत होते.

"आणि बाकीचे तीन?" मी विचारलं.

"एकाच वयाचे आहेत. तेही मागोमाग जातील."

"छान. म्हणजे अख्खं घर आजारी."

त्याच क्षणी मी मनात त्याचं नाव थंडोबा ठेवलं.

माझा राग काही नुसता दिव्यावरचा नव्हता. ही गाडी दादाची. त्याने नवी घेतली तेव्हा जुनी मला वापरायला दिली आणि मी दवाखान्यातली नोकरी सोडली. आता मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. अंथरुणाला खिळलेली माणसं शहराच्या चारी टोकांना, आणि माझ्याबरोबर उपकरणांच्या दोन जड पिशव्या. गाडी गेली की माझं काम गेलं. आदल्या महिन्यापासून हा दिवा लागत होता आणि दादाने निकाल दिला होता... "भर रस्त्यात टायर फुटायची वाट बघायची नाहीये मला. येत्या रविवारी मी स्वतः बसून बघणार. दिवा लागला तर गाडी परत घेणार आणि विकणार." माया आहे त्याची, मान्य. पण माणसाने मायेने तरी किती छळावं.

थंडोबाने उजव्या मागच्या चाकात नवा सेन्सर बसवला. दुकान म्हणजे एक अरुंद शेड, आणि माझ्या गाडीला अगदी खेटून त्याची स्वतःची निळी, दारावर पोचा आलेली गाडी उभी. तो हातातलं छोटं यंत्र एकेका चाकाजवळ धरत होता.

"हे काय चाललंय?"

"सेन्सर जागा करतोय. गाडीला नव्याची ओळख करून द्यावी लागते."

"म्हणजे तुम्ही मध्यस्थ."

"जमवून देतो कधी कधी," तो म्हणाला आणि चाकाकडेच बघत राहिला. का कोण जाणे, त्याचे कान लाल झाले.

दिवा विझला. मी आजींकडे पोचेपर्यंत पुन्हा लागला.

दुसऱ्या दिवशी तणतणत गेले. गाडी शेडमध्ये घातली आणि जरा वेळाने दिवा विझला. त्याने हातसुद्धा लावला नव्हता. माझे रुग्ण मला बघताच "आता नाही हो दुखत" म्हणतात ना, तसंच. मला इतकी चीड आली...

"काल पण असाच विझला होता," मी म्हणाले. "मी खोटं बोलतेय असं वाटतंय ना तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. "गाडीला इथे यायला आवडत असेल."

"गाडीला असेल. मला कामं आहेत."

पण जावं लागायचंच. तो आठवडा मी रोज गेले. रोज दिवा तिथे विझायचा, रोज वाटेत लागायचा, आणि रोज तो मला काहीतरी शिकवायचा. थंडीत हवा आकसते, म्हणून पहाटे दिवा लागला तर घाबरायचं नाही, पण गेज लावून बघायचं. हवेच्या तोंडाला धातूचं टोपण लावायचं नाही, गंजून अडकतं, प्लास्टिकचंच हवं. पंक्चर बुजवायचा फेस मारताना जपायचं, काही फेसांनी सेन्सरचं तोंड बुजतं. आणि महिन्यातून एकदा हवा हाताने तपासायची ती तपासायचीच.

"मग सेन्सर कशाला घातलाय?"

"तुम्ही विसरलात तर."

"आणि तो बिघडला तर?"

"तर मी आहे," तो म्हणाला. मग घाईघाईने फडक्याला हात पुसत बसला. हात आधीच स्वच्छ होते.

त्या दिवशी पाऊस आला तेव्हा छत्री माझ्यावर आली. मी तोंड वाकडंच ठेवलं. राग असा मध्येच सोडून देता येत नाही.

शुक्रवारी चौकात सिग्नलला थांबले होते. दिवा लागलेलाच होता... आणि माझ्या डोळ्यांदेखत आपोआप विझला. मी उजवीकडे पाहिलं. शेजारी पोचा आलेली निळी गाडी, मागच्या सीटवर टायर, आणि स्टिअरिंगवर थंडोबा. त्याने हात वर केला. हिरवा लागला, तो उजवीकडे वळला, मी सरळ गेले. पुढच्या वळणानंतर दिवा परत हजर.

रात्रभर माझ्या डोक्यात तेच. शनिवारी दुकानात गेले ती कंबर कसूनच.

"तुमची गाडी बाहेर काढा. लांब, त्या टोकाला नेऊन लावा."

"का?"

"सांगते ते करा."

त्याने केलं. मी माझी गाडी घेऊन एक लांब चक्कर मारून आले. दिवा लागलेला. त्याने तो पाहिला, यंत्र आणलं, एकेक चाक तपासलं, आणि मग वळून लांब लावलेल्या आपल्या गाडीकडे पाहिलं.

"बोला," मी म्हणाले.

"त्या दिवशी यंत्राने तुमच्या चाकाऐवजी शेजारचं माझं चाक जागं केलं. तुमच्या गाडीने तेच आपलं मानलं. माझी गाडी जवळ असली की ती खूश, लांब गेली की दिवा."

"म्हणजे आठवडाभर मी तुमच्या चाकाची खबरबात घेत फिरतेय. आणि माझ्या चाकात बिचारा नवा सेन्सर बसलाय, त्याला कोणी विचारत नाही."

"हो."

"मुद्दाम केलंत."

"नाही हो. गाडी लांब लावून करायचं काम होतं ते. तुम्ही सारखं घड्याळ बघत होतात, मी घाई केली. चूक माझीच."

एवढं सरळ कबूल केल्यावर भांडायचं तरी कसं? तरीही मी जमेल तेवढी भांडले. "उद्या दादा येतोय. नदीकाठच्या रस्त्याने पुलापलीकडे चक्कर मारणार. दिवा लागला तर माझं काम बुडालं, कळलं का तुम्हाला?"

त्याने मान हलवली. आपली गाडी रस्त्यापलीकडेच ठेवून त्याने सगळी ओळख पहिल्यापासून करून दिली. खूप वेळ घेतला. शेवटी किल्ली माझ्या हातात देताना म्हणाला, "आता तुम्हाला यायची गरज पडणार नाही."

"सुटले एकदाची," मी म्हणाले. आणि घरी येईपर्यंत माझा मलाच राग येत राहिला.

रविवारी दादा शेजारी बसला. पट्टा बांधला आणि नजर त्या दिव्याच्या जागी रोवली. आम्ही नदीकाठच्या रस्त्याला लागलो. दिवा विझलेला. मी जरा सैलावले आणि आरशात पाहिलं.

मागे निळी गाडी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे दुरुस्ती झालीच नव्हती. हा गृहस्थ आपलं चाक घेऊन माझ्या मागे मागे येत होता, दिवा विझलेला राहावा म्हणून.

"मागे कोण आहे तो?" दादा म्हणाला. "केव्हाचा चिकटलाय."

मी पुलाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि पावसात उतरले. त्यानेही गाडी थांबवली, काच खाली केली.

"वळवा गाडी आणि जा," मी म्हणाले.

"ऐकून तर घ्या..."

"नाही. दिवा खोटा खोटा विझलेला नकोय मला. माझी गाडी जायची असेल तर जाऊ दे. पण दादाला फसवून ती ठेवणार नाही मी. जा तुम्ही."

त्याने काच वर केली. मग त्याने गाडी वळवली.

मी परत येऊन बसले. दादाला सगळं सांगून टाकलं, चाकाच्या घोळापासून. "आता दिवा लागेल," मी म्हणाले. "लागला की गाडी तुझी."

पूल संपला. वखारी गेल्या, घरं विरळ झाली, मोकळी माळरानं आली. काचेवरचे वायपर करकरत होते.  आजींचा गुडघा, त्यांच्या पलीकडच्या गल्लीतले लकवा झालेले मास्तर, सगळे डोळ्यांपुढे येत होते. दादाची नजर दिव्याच्या जागेवरून हलत नव्हती. मी गाडी नेत राहिले, नेत राहिले...

"लागला नाही," दादा शेवटी म्हणाला.

"दिसतंय मला."

"म्हणजे त्याने दुरुस्ती नीट केलीय. गाडी राहू दे तुझ्याकडे." मग थोडं थांबून, "पण मग तो मागे कशाला येत होता?"

मी वायपरचा वेग वाढवला. कान तापले होते.

"तुला खरंच कळत नाहीये, की माझ्यासमोर कळत नाहीये?"

मी गाडी वळवली.

तो पुलाच्या अलीकडेच होता. गाडी कडेला, आणि स्वतः बाहेर, छत्री हातात मिटलेली. माणूस भिजतोय आणि छत्री उघडायचं भान नाही. मी तशीच उतरले.

"दिवा लागला नाही," मी म्हणाले.

"लागणारच नव्हता. काल पक्कं केलंय."

"मग आलात कशाला?"

त्याने छत्रीकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं. "काल काम करताना सारखं वाटत होतं, जरासं अर्धवट सोडावं. म्हणजे तुम्ही परत याल. पण तुमचं काम बुडलं असतं... नाही सोडलं. आणि नंतर तुम्ही म्हणालात, सुटले." तो थांबला. "तुम्हाला यायची गरज नाही, हे खरं. पण मला आहे. तुम्ही येण्याची."

"हे काल सांगता येत नव्हतं? भर रस्त्यात, सख्ख्या भावासमोर मी तुम्हाला लबाड ठरवलं. किती वाईट दिसलं ते."

"बोलायला दिलंत कुठे?"

"जरा हळू बोल गं," दादाने काचेतून डोकं बाहेर काढलं. "चांगला मुलगा आहे, पळून जाईल."

थंडोबाने छत्री उघडली आणि माझ्यावर धरली. स्वतः बाहेरच राहिला. मला मेलीला रडू येतंय की हसू, तेच कळेना, म्हणून मला जे जमतं तेच केलं, तक्रार.

"माझ्या स्टेपनीत सेन्सर आहे का?"

"नाही. तुमच्या गाडीला चारच असतात."

"का बरं? चौघांची विचारपूस आणि पाचव्याला वाऱ्यावर सोडायचं? ही काय पद्धत झाली? उद्या संध्याकाळी तक्रार घेऊन येणार आहे मी."

"या," तो म्हणाला. आता तो हसत होता, पहिल्या दिवशीसारखाच, आणि मला त्या हसण्याचा राग काही केल्या येईना. "तुम्ही यायच्या आधी माझी गाडी रस्त्यापलीकडे नेऊन ठेवतो."

"काही नको," मी छत्रीचा दांडा धरून त्याला आत ओढत म्हणाले. "शेजारीच राहू दे."