दोन घरची मांजर

दवाखान्याच्या बाकावर तेजस्विनी कपड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. टोपलीवर ओढणी बांधलेली, आणि ओढणीखालून कुणीतरी साऱ्या जगाला शिव्या घालत होतं. तेवढ्यात दार ढकलून एक तरुण आत आला. हातात मांजरासाठीचा झकपक पिंजरा... रिकामा.

"डॉक्टर, माझी शास्त्रीबाई सकाळपासून बेपत्ता—"

टोपलीतून म्याव आलं. तो गर्रकन वळला.

"अहो, ही माझी मांजर आहे!"

"काहून? नाव लिहिलंय का तिच्यावर? ही माझी चिंगी. रोज माझ्या हातचं चिकन खाते."

"माझ्याकडची साय खाऊन झाल्यावर, असं म्हणा."

डॉक्टर सत्यशीलाबाईंनी ओढणी सोडून पिल्लाचं पोट चाचपलं. "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे नगारा झालाय! आणि हे साहेब मागच्याच आठवड्यात हिला घेऊन आले होते, तेव्हा पहिली लस दिलीय मी. आज पुन्हा टोचली असती. यापुढे दोघं एकत्र या."

दोघं हडपसरच्या एकाच सोसायटीत, समोरासमोरच्या इमारतींत राहत होते, आणि हे फक्त मांजरीला ठाऊक होतं! तो तरुण, आमोद, पुण्याच्या पेठेत वाढलेला, त्यामुळे बोलण्यात काटकसर. तेजस्विनी अकोल्याची, बोलण्यात हात सैल. एकाची बचत, दुसरीचा खर्च. जमाखर्च तिथेच जुळला होता. कबूल करायला मात्र दोघांनाही वेळ लागला.

आमोदचं काम घरूनच, म्हणून चिंगी (शेवटी हेच नाव टिकलं) दिवसा त्याच्याकडे, संध्याकाळी तेजस्विनीकडे. पण जंताचं औषध पाजायला एक माणूस पुरत नाही. त्याने तिला टॉवेलात गुंडाळलं, तेजस्विनीने ड्रॉपर उचलला.

"पाय नीट धरा."

"कुणाचे?"

"मांजरीचे!"

औषध निम्मं त्याच्या शर्टावर सांडलं आणि मनगटावर लालबुंद ओरखडा उठला. तिने नकळत फुंकर घातली... मग भानावर येऊन हात सोडला.

"लागलं का फार?"

"थोडं. फुंकर अर्धवट राहिली म्हणून."

पुढच्या लशी झाल्या, दुधाचे दात पडले. पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन झालं, त्या दुपारी दोघं दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलेली चिंगी झिंगत बाहेर आली, भिंतीला धडकली, आणि तेजस्विनीला रडू फुटलं. आमोदने रुमाल पुढे केला.

"इस्त्रीचा आहे. जपून रडा."

ती रडता रडता हसली. त्या दिवसापासून तिच्या संध्याकाळी लवकर होऊ लागल्या.

आणि मग तिचं ऑफिस बाणेरला हललं. रोजचा प्रवास झेपेना, तिने तिकडेच खोली पाहिली. चिंगीची वर्षाची लस घ्यायला दोघं गेले, तेव्हा तिने विचारलंच, "डॉक्टर, हिला मी नेऊ का?"

"कुत्रं माणसाचं, मांजर जागेचं," डॉक्टर म्हणाल्या. "नव्या जागी जुन्या वाटा शोधत ही रस्त्यावर यायची. इथेच राहू दे."

बाहेर बुचाची फुलं टपटपत होती. गंध असा की बोलायचं ते विसरायला व्हावं. पायरीवर दोघं बसले. चिंगीची रोजची ने-आण संपली, म्हणजे रोज याच्या दारात जायचं कारणही गेलं... तेजस्विनीने पिंजऱ्याच्या जाळीतून चिंगीचा कान कुरवाळला.

"रविवारी येत जा," आमोद फुलांकडे बघत म्हणाला. "चिंगीला भेटायला."

"बाणेरहून हडपसर? ट्रॅफिक पाहिलाय? मांजरीसाठी एवढं कोण येतं?"

त्याचा चेहरा उतरला. तिने एक फूल उचललं, त्याचा लांब देठ बोटाभोवती फिरवला.

"मी तुमच्यासाठी येईन, आमोद."

आमोदने पिंजऱ्याची लावलेलीच कडी पुन्हा एकदा लावून पाहिली.

"रविवार," शेवटी तो म्हणाला, "फार लांब पडतो हो."

"मग?"

"बुधवारी मी तिकडे येतो."

"आणि चिंगी? एकटी?"

"राहील. वर्षाची झाली ती."

आणि त्याने तिच्या बोटांत बोटं गुंफली.